उडतं की मोडकं?

मंडळी, सध्या आमच्या ओहायोच्या घरात एकच विषय चालू आहे: विमान! १९४६ सालचं एरॉन्का चॅम्प. याच राज्यात, मिडलटाउनला बनलेलं. दोन जागा, ६५ अश्वशक्ती, प्रोपेलर हाताने फिरवून चालू करायचं.

एक उडतं आहे, महाग. दुसरं एका शेतकऱ्याच्या कोठारात सुटं होऊन पडलंय, स्वस्त. मन सारखं दुसऱ्याकडे धावतं. सांगाड्याचा गंज घासायचा, पंखातले लाकडी स्पार तपासायचे, नवं कापड ताणून चढवायचं. इंच न् इंच ओळखीचा होईल. उडत्या विमानात कापडाखालचं सगळं थोडंच दिसतं? पण मोठ्या कामांवर परवानाधारक मेकॅनिकची सही लागते. आणि बहुतेकदा एकूण खर्च उडत्या विमानाच्याही वर जातो. वर्षं जातात ती वेगळीच.

मी ५९ चा. माझ्याकडे ती वर्षं असतीलही. पण बाबा ८४ चे आहेत, आणि मागच्या सीटवर पहिला मान त्यांचा.

तेव्हा उडतंच घ्यायचं ठरवलंय. आधी मेकॅनिककडून स्पार मात्र नीट बघून घेणार. कोठारातल्याला दुसरा कोणीतरी वेडा भेटेलच.

असो. बाबांनी कानटोपी काढून ठेवलीय!