उत्तरकृतीची स्मृती, खेळाडूची स्मृती

'फॉलआउट २' (१९९८) या संगणकीय भूमिकाखेळाबरोबर एक छापील माहितीपुस्तिका मिळत असे. नियम आणि शस्त्रे यांच्या तपशिलांबरोबरच तीत पहिल्या खेळाच्या नायकाचे आत्मकथन होते. मारिपोसाच्या लष्करी तळावर आपला कुत्रा ऊर्जेच्या कुंपणात सापडून मेला, असे तो त्यात सांगतो. १९९७ च्या मूळ 'फॉलआउट'मध्ये ज्या खेळाडूने या कुत्र्याला, डॉगमीटला, शेवटपर्यंत जिवंत ठेवले होते, त्याला हे विधान चमत्कारिक वाटल्याशिवाय राहत नाही. मूळ खेळात लढाईच्या वेळी सोबत्यांवर खेळाडूचा थेट ताबा नसे. त्यामुळे डॉगमीटला वाचवायचे म्हणजे जतन केलेला टप्पा उघडून तोच प्रसंग पुनःपुन्हा खेळणे आले. अशा चिकाटीने मिळवलेले जगणे पुस्तिकेतील एका वाक्याने रद्द होते. या दोन कृतींची तुलना बहुधा विस्तार, विनोद आणि सुबकता या निकषांवर केली जाते. परंतु उत्तरकृती पूर्वकृतीच्या अनेक शक्यतांचे काय करते, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे.

'फॉलआउट'चे कथानक २१६१ साली, अणुयुद्धाने उजाड झालेल्या कॅलिफोर्नियात घडते. 'व्हॉल्ट १३' या भूमिगत आश्रयस्थानातील जलशुद्धीकरणाची चिप निकामी होते आणि नवी शोधण्यासाठी नायकाला १५० दिवस दिले जातात. या मुदतीमुळे प्रत्येक वळणाला, प्रत्येक परोपकाराला किंमत येते. प्रतिनायक 'मास्टर' मानवी कलहावर उपाय म्हणून सर्वांना एकाच उत्परिवर्तित वंशात रूपांतरित करू पाहतो. मात्र हा वंश वांझ आहे, याचा पुरावा त्याच्यासमोर ठेवून केवळ संवादाने त्याला आत्मनाशाप्रत नेता येते. विजयी होऊन परतलेल्या नायकाला शेवटी आश्रयस्थानाच्या दारातूनच परत पाठवले जाते. त्यापूर्वी एकेका वसाहतीचे भवितव्य खेळाडूच्या कृतींनुसार निवेदनातून उलगडते. वोल्फगांग इझरच्या सिद्धांतात वाचक संहितेतील रिक्त स्थाने आपल्या मनात भरतो, परंतु छापील पानावरचे शब्द त्यामुळे बदलत नाहीत. येथे मात्र रिक्त स्थान भरण्याची क्रियाच संहितेला निश्चित रूप देते. म्हणून 'फॉलआउट' ही एक संहिता नसून शक्य संहितांचा समूह आहे, असे म्हणावे लागते.

उत्तरकृतीचा काळ ८० वर्षांनंतरचा, २२४१ चा आहे. हद्दपार नायकाने आरोयो नावाचे गाव वसवलेले असते आणि दुष्काळाने गांजलेल्या या गावासाठी त्याचा वंशज बाहेर पडतो. येथे मुदत आहे ती १३ वर्षांची. म्हणजे व्यवहारात ती नसल्यासारखीच. काळाचा ताण ओसरल्यामुळे जी जागा मोकळी होते, ती समाजचित्रणाने भरली जाते. न्यू रीनोमधील गुन्हेगार घराण्यांची चुरस, व्हॉल्ट सिटीचा शुचितेचा दर्प, सोबत्यांची वाढलेली बडबड, ही या कृतीची कमाई सामान्य नाही. पूर्वकृतीत जग मोडून पडल्याची जाणीव प्रबळ आहे, तर उत्तरकृतीत ते पुन्हा, आणि पूर्वीच्याच दोषांसह, उभे राहत असल्याची. तरीही, ज्या परंपरेत अंतिम शत्रूलाही युक्तिवादाने जिंकता आले होते, तिच्यात आता फ्रँक हॉरिगनशी लढण्यावाचून गत्यंतर उरत नाही, ही हानी नोंदवली पाहिजे.

परंतु खरी अडचण इतिहासाची आहे. कथा पुढे न्यायची तर अनेक शेवटांपैकी एकच घडला, असे ठरवावे लागते. मूळ खेळात दरोडेखोरांनी पळवून नेलेल्या टांडीला खेळाडूने सोडवले असेल किंवा नसेल. उत्तरकृतीत ती न्यू कॅलिफोर्निया प्रजासत्ताकाची वृद्ध अध्यक्षाच असते. जंकटाउनमध्ये किलियन आणि गिझ्मो यांपैकी कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न पूर्वकृतीने विचारला होता. त्या गावी नव्या खेळाडूला जाताच येत नाही.

भवभूतीने 'महावीरचरिता'नंतर 'उत्तररामचरित' रचले. त्याच्या पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात आणि चित्रातले दुःख त्यांना पुन्हा व्याकूळ करते. तेथे चित्र पाहणारा आणि ते भोगलेला एकच असल्यामुळे स्मृतीविषयी वाद संभवत नाही. 'फॉलआउट २' खेळाडूसमोर जे चित्र धरते, त्यातला वेश त्याचा असतो, पण कृत्ये दुसऱ्या कोणाची तरी असतात. टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन हे मूळ कर्ते १९९८ मध्येच या प्रकल्पातून बाहेर पडले होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. उत्तरकृती हे पूर्वकृतीचे एक वाचनच असते. मात्र या वाचनाला अधिकृततेची मुद्रा लाभते आणि इतर सर्व वाचने 'घडलीच नाहीत' या सदरात जातात.

उत्तरकृतीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो थिल्लर विनोदाचा. तो पुष्कळ अंशी रास्त आहे. तथापि या विनोदातच, वाळवंटातील एका यदृच्छ प्रसंगात, 'भग्न स्वप्नांचा कॅफे' लागतो. पूर्वकृतीतील विसरली गेलेली पात्रे तेथे बसलेली असतात आणि त्यांच्यातच डॉगमीट असतो. वंशजाच्या अंगावर पूर्वजाचा व्हॉल्टचा पोशाख असेल, तर तो निमूटपणे त्याच्यामागून चालू लागतो. हा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असे नाही, आणि कथानकाच्या इतिहासात त्याला स्थानही नाही. अधिकृत स्मृतीने मृत ठरवलेला कुत्रा येथे थट्टेच्या आडोशाने परत येतो. ज्या खेळाडूने त्याला एकदा वाचवले होते, त्याच्या स्मृतीला संपूर्ण 'फॉलआउट २'मध्ये मिळालेली ही जवळजवळ एकमेव जागा आहे. दोन्ही कृतींच्या तुलनेत या जागेचा विचार व्हायला हवा. कृती म्हणून बांधेसूद पहिलीच आहे. पण आपण काय पुसून टाकले, हे दुसरीला पुरते विसरता आलेले नाही.