राणीछाप आणि यंत्राचा आकडा

धातुशोधक यंत्राच्या पडद्यावर उमटतो तो आकडा चांदीचा नसतो. यंत्र जमिनीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं, त्यामुळे खालच्या धातूत वीज गोल गोल फिरू लागते, आणि ती विरायला किती वेळ घेते यावर आकडा ठरतो. विजेला वाट देण्यात चांदी अव्वल, तांबं अगदी तिच्या पाठोपाठ. त्यामुळे पट्टीच्या वरच्या टोकाचा आकडा बघून चांदीच्या आशेने उकरावं, तर साताऱ्याकडच्या मातीतून तांब्याची शिवराईही निघू शकते. तिला नाक मुरडणारा करंटाच.

*

अधेली, पावली, चवली, म्हणजे आठ, चार आणि दोन आण्यांची नाणी. धातू राणीछाप रुपयाचाच, ९१.७ टक्के चांदी. वजनं मात्र ५.८३, २.९२ आणि १.४६ ग्रॅम. नाणं जितकं लहान आणि पातळ तितकी वीज लवकर विरते, आकडा उतरतो. तेव्हा ‘चांदीचा आकडा अमुक’ असं कुणी ठामपणे सांगू लागला, की कुठल्या नाण्याचा, हे आधी विचारावं. १९१८ पासून तर चवली तांबे-निकेलची झाली. तो मिश्रधातू विजेला फार अडवतो.

*

इंटरनेटवर फिरणारे आकड्यांचे तक्ते बहुतेक अमेरिकन नाण्यांचे. त्यांतली आपल्या कामाची ओळ एकच: चांदीचा जुना अर्धा डॉलर. ९० टक्के चांदी, १२.५ ग्रॅम, रुंदी ३०.६ मिलिमीटर. आपला रुपया ११.६६ ग्रॅमचा, रुंदीला जवळपास तेवढाच. बाकीचा तक्ता विसरलेला बरा.

*

१९४० साली, युद्धाच्या धामधुमीत, रुपयातली चांदी निम्म्यावर आली. उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. एवढंसं निकेलही आकडा खाली ओढायला पुरतं. १९४७ चा रुपया नुसता निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. म्हणजे राजा तोच, जॉर्ज सहावा. रुपये तीन तऱ्हांचे. देव्हाऱ्यातल्या डबीतले ‘राजाछाप’ मोजताना चेहरा नको, साल वाचा.

*

आपली जमीनही यंत्राला छळते. सह्याद्रीचा काळा पाषाण लोहखनिजाने भरलेला, कासच्या पठारावर जांभा. यंत्र जमिनीशी जुळवून घेतलं नाही तर ते रिकाम्या मातीवरही कुरकुरतं. खोलवरच्या नाण्याचा आकडा डळमळतो. शेजारी खिळा असेल तर चांदीचा सूर दबतो. उलट बैलाचा नाल किंवा मोठा वॉशर कधीकधी खुशाल चांदीचा आव आणतो. जागा थोडी बदलून, आडवं-उभं फिरवून आकडा टिकतो का, एवढंच बघायचं.

*

चांदी ओळखणारी खरी माणसं विट्याची. खानापूर-आटपाडी आणि पलीकडचे माण-खटाव, कमी पावसाचा हा टापू. इथली पोरं गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत सोनं-चांदी आटवणारा मराठी माणूस भेटला तर गाव बहुधा याच पट्ट्यातलं. त्यांची तऱ्हा वेगळी. आधी नाद ऐकायचा, मग कसोटीवर घासायचं, तेजाबाचा थेंब, आणि तरीही शंका उरली तर मूस. हल्ली टंच काढायला क्ष-किरणांचं यंत्र आलंय, पण ते वरची साल तेवढी वाचतं. निम्म्या चांदीच्या नाण्याचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा चांदीने श्रीमंत असू शकतो. आटवलेली चांदी असली सोंगं करत नाही.

*

पेशवाईत रुपया म्हणजे एक नाणं नव्हतं. चांदवडी, अंकुशी, सुरती, सगळ्यांचा भाव निराळा आणि प्रत्येकावर बट्टा निराळा. ते पारखायला वतनदार पोतदार असे. ऐकायला, घासायला, तोलायला माणूस नेमलेला होता, हे मला आजच्या पडद्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

*

गुप्तधनाचा कायदा १८७८ चा. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. लपवलं तर वाटा जातो, शिवाय वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे ११६ ग्रॅमहून जास्त वजनाची नाणी. आज एकच राणीछाप ती मर्यादा कधीच ओलांडून जातो. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर यंत्र घेऊन हिंडणाऱ्यांनी तरी हे वाचावं.

*

यंत्र नसेल तिथे मांत्रिक असतो. गुप्तधनाच्या नावाखालची अघोरी कृत्यं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा ठरली. तो कायदा व्हावा म्हणून झगडलेले नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच.

*

घरचा उपाय. रुपया दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोला. हवेतल्या वजनापेक्षा साधारण १.१३ ग्रॅम कमी भरलं तर चांदी जुनी, खरी. तेवढ्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरची घट १.३ च्या पुढे जाते. फक्त काटा सराफाचा हवा. स्वयंपाकघरातल्या काट्याला हा फरक दिसत नाही.