नदीचा उतार

जालना जिल्ह्यात, जाफराबादच्या बाजूला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज पलीकडे उभी, आणि वाटाडे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला सांगताहेत, इथं उतार नाही. त्यानं दुर्बीण लावली. या काठाला पिंपळगाव, त्या काठाला वरूड. गावं अशी समोरासमोर नांदत असतील, तर माणसं-गुरं येत-जात असणारच! उतार निघाला. शिंद्यांच्या तोफांनी त्याची दीड हजारांवर माणसं मारली, जायबंदी केली; तरी जिंकला तोच. पुढं वॉटर्लू जिंकूनही आपली सर्वांत सरस लढाई म्हणून तो असईचं नाव घेई. हार आपली, पण त्या नजरेला दाद द्यायलाच हवी.

आयर्लंडच्या उमराव घराण्यातला हा धाकटा मुलगा. तरुणपणी व्हायोलिन वाजवायचा. १७९३ मध्ये ते स्वतःच जाळून टाकलं. थोरला भाऊ रिचर्ड हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होता, हेही विसरू नये. वशिला तेव्हाही लागायचाच.

१८२८ मध्ये, ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला हा सेनानी ब्रिटनचा पंतप्रधान झाला. कॅथलिकांना पार्लमेंट खुलं करायला त्याचा विरोध होता. पण आयर्लंडात यादवी पेटेल हे दिसताच त्यानं १८२९ मध्ये राजाला वळवून कायदा करवून घेतला. त्यापायी चिडलेल्या लॉर्ड विंचिल्सीशी बॅटर्सीच्या माळावर पिस्तुलं घेऊन द्वंद्वही खेळला. पंतप्रधानपदावर असताना! माघार केव्हा घ्यायची, हे त्याला कळत होतं.

आणि हाच माणूस नोव्हेंबर १८३० मध्ये उमरावांच्या सभेत म्हणाला की, प्रतिनिधित्वाची चालू पद्धत सुधारण्याजोगी नाहीच. मँचेस्टरला तेव्हा स्वतःचा एकही खासदार नव्हता. ओल्ड सॅरमच्या ओसाड टेकाडाला दोन होते. पंधरवड्यात सरकार पडलं. मला वाटतं, असईचा मुलूख परका होता, म्हणून तिथं त्यानं डोळे उघडे ठेवले. उमरावांची सभा म्हणजे घरचंच अंगण. तिथं कोण कशाला निरखून पाहतो?

या हट्टापायी १८३१ मध्ये जमावानं त्याच्या लंडनच्या वाड्याच्या काचा फोडल्या. त्यानं खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. १८३२ मध्ये प्रतिनिधित्वाचं सुधारणा विधेयक मंजूर होताना मात्र तो विरोधी मत द्यायला गेला नाही. पुढं लोक पुन्हा त्याचा जयजयकार करू लागले. असाच एक घोळका घरापर्यंत आला, तेव्हा त्यानं झडपांकडे बोट दाखवलं, खोचकपणे मान लववली आणि आत गेला, असं सांगतात.