शंकेची जागा

गोल्फच्या होलचा व्यास सव्वाचार इंच. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने 1891 मध्ये तो ठरवला आणि आजही तो तेवढाच आहे. चेंडू 1.68 इंचांचा, म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी मावून वर जागा उरावी एवढं ते होल मोठं. 72 पारच्या कोर्सवर 36 फटके ग्रीनसाठी धरलेले असतात, प्रत्येक होलला दोन. आणि तरीही जगातले उत्तम व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट होल करतात. इथे ताकद लागत नाही, वय आड येत नाही, चेंडू हवेत उडवायचा नसतो. एवढ्या सोप्या दिसणाऱ्या कामात निम्म्या वेळा चूक का व्हावी, या प्रश्नाने मला पटिंगच्या नादी लावलं.

पट मारण्याआधी ठरावीक क्रमाने करायच्या गोष्टींना खेळाडू रूटीन म्हणतात. कुणी चेंडूवरची रेघ लाइनवर जुळवतो, कुणी दोनदा पटर हवेत फिरवून बघतो, कुणी होलपर्यंत चालत जाऊन परत येतो. बाहेरून बघणाऱ्याला हे शकुन वाटतात. माझ्या मते या सगळ्याचं काम एकच: शंकेला तिची जागा नेमून देणं. ती जागा चेंडूच्या मागे, चार पावलांवर. तिथे हव्या तेवढ्या शंका घ्याव्यात. उतार डावीकडे आहे की तसं नुसतं वाटतंय, गवत ओलं आहे का, मागच्या होलवर पट कमी का पडला, सगळं तिथे विचारून घ्यावं. एकदा पुढे पाऊल टाकलं आणि चेंडूवर उभं राहिलं की विचारणं संपलं पाहिजे. हे ज्याला साधलं त्याचं रूटीन तयार झालं, मग त्याने पटर दोनदा फिरवावा की अजिबात फिरवू नये.

ग्रीन वाचायला सुरुवात ग्रीनवर पोचल्यावर होत नाही. पन्नास-साठ पावलं अलीकडून सबंध ग्रीन एका नजरेत येतं, कुठली बाजू उंच आणि कुठली खाली हे तिथून जितकं स्वच्छ दिसतं तितकं वर गेल्यावर दिसत नाही. जाणते कॅडी सांगतात की इथे बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठे वाहत जाईल ते बघा. सल्ला साधा आहे, पण तो बरोबर ठिकाणी बोट ठेवतो, कारण ग्रीन बांधणाराही पावसाच्या पाण्याला वाट देऊनच उतार काढतो. मग लाइनच्या मध्यावर उभं राहून दोन्ही पायांवर भार किती पडतोय ते बघायचं. डोळे फसतात. आजूबाजूची टेकडी, तळं, झाडांची रांग त्यांना चकवतात. तळपाय सहसा खरं बोलतात. मार्क स्वीनी यांनी तर या जाणिवेवरच एमपॉइंट नावाची पद्धत बसवली आणि अॅडम स्कॉटसारखे खेळाडू पायांनी उतार जोखून, मग बोटं धरून ब्रेक, म्हणजे चेंडू किती वळेल ते, मोजू लागले.

आपल्याकडे बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा गवत असतं, हरळीच्या कुळातलं, त्यामुळे उताराबरोबर गवताचा कलही वाचावा लागतो. होलपाशी वाकून कडा बघा. एका बाजूची कड सुरीने कापल्यासारखी धारदार असते, समोरची जराशी विस्कटलेली, तपकिरी पडलेली. गवत त्या विस्कटलेल्या बाजूकडे झुकतं, कारण होल कापताना तिकडे आडव्या पसरलेल्या पात्यांची मुळं मातीच्या गोळ्याबरोबर निघून गेलेली असतात. चेंडूच्या मागून पाहताना गवत चकाकत असेल तर ते आपल्यापासून पुढे झुकलेलं आहे आणि चेंडू पळणार. मळकट, गडद दिसलं तर ते आपल्याकडे तोंड करून आहे आणि पट जोरात मारावा लागणार.

हिवाळ्यातल्या पहाटे मात्र ग्रीन स्वतःच धडा लिहून ठेवतं. दंव पडलेलं असतं आणि आधीच्या खेळाडूंच्या चेंडूंच्या रेघा त्यावर उमटलेल्या असतात. त्या रेघा जवळून बघाव्यात. सुरुवातीला जवळजवळ सरळ, मग हळूच कलणारी, आणि होलच्या अलीकडच्या दोन-तीन फुटांत एकदम वळणारी, अशी ती वाट असते. चेंडू वेगात असतो तोवर उताराला दाद देत नाही, दमल्यावर त्याच्या आहारी जातो. म्हणून होलच्या आसपासचा उतार सर्वांत बारकाईने वाचायला हवा. बहुतेक हौशी खेळाडू चेंडूपाशी उभं राहून चेंडूपाशीचाच उतार बघत बसतात आणि त्यांचे पट होलच्या खालच्या बाजूने निघून जातात.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. लाइन वेगावर अवलंबून असते. जोरात मारलेल्या पटला ब्रेक कमी, हलक्या पटला जास्त, म्हणून वेग ठरवल्याशिवाय लाइन ठरवता येत नाही. 1935 मध्ये ओकमाँटला झालेल्या यूएस ओपनमध्ये जीन साराझेनचा एक पट ग्रीनवरून घरंगळत बंकरमध्ये गेलेला एडवर्ड स्टिम्पसन या हौशी गोल्फरने पाहिला. ग्रीनचा वेग मोजता यायला हवा असं त्याला वाटलं आणि त्यातून स्टिम्पमीटर जन्माला आला. साधी खोबणीची पट्टी, तिच्यावरून चेंडू घरंगळू द्यायचा आणि तो किती फूट गेला ते मोजायचं. आपल्याला खिशात पट्टी बाळगायची गरज नाही. खेळ सुरू होण्याआधी सरावाच्या ग्रीनवर लांब पट मारून बघितले की त्या दिवसाचा वेग अंगात उतरतो. पुण्यात पावसाळ्यात जड झालेलं ग्रीन आणि तेच जानेवारीतलं कोरडं ग्रीन ही दोन वेगळी मैदानं आहेत, जुलैची लाइन तिथे चालत नाही.

वेग किती असावा यावर जाणकारांत मतभेद आहेत. नासात संशोधन करून गोल्फकडे वळलेले डेव्ह पेल्झ म्हणायचे की पट चुकला तर चेंडू होलच्या 17 इंच पुढे थांबावा, एवढा वेग हवा. उलट बेन क्रेनशॉ चेंडू होलच्या ओठावर दमून आत पडावा असं मारायचा. संथ चेंडूला होल पूर्ण रुंदीचं मिळतं, घाईच्या चेंडूला फक्त मधलं. माझा कौल क्रेनशॉच्या बाजूला आहे.

क्रेनशॉचीच गोष्ट या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते. त्याचे लहानपणापासूनचे गुरू हार्वी पेनिक 1995 च्या वसंतात, नव्वदीत, ऑस्टिनला अंथरुणाला खिळले होते. भेटायला आलेल्या बेनला त्यांनी पटर आणायला लावला आणि पडल्या पडल्या त्याचं पटिंग सुधारलं. सांगितलं ते थोडंसंच: दोन चांगले सराव-स्ट्रोक घे, पटरचं डोकं हातांच्या पुढे जाऊ देऊ नकोस, आणि मग स्वतःवर भरवसा ठेव. 2 एप्रिलला पेनिक गेले. बुधवारी क्रेनशॉने त्यांना खांदा दिला, तिथून ऑगस्टाला गेला, आणि रविवारी 43 व्या वर्षी मास्टर्स जिंकला. ऑगस्टाच्या त्या निसरड्या ग्रीनवर 72 होलमध्ये त्याने एकदाही तीन पट घेतले नाहीत. शेवटचा पट पडल्यावर तो कमरेत वाकला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला. गुरूने मरणाच्या दारातून शिष्याला नवं काही शिकवलं नव्हतं. त्याच्याजवळ होतंच ते एका छोट्या क्रमात बसवून दिलं होतं, दुःखाने भरलेल्या डोक्यालाही पाळता येईल अशा.

क्रम मोडला तर काय होतं ते डग सँडर्सने जुलै 1970 मध्ये भोगलं. सेंट अँड्र्यूजचं अठरावं होल, जेमतेम तीन फुटांचा पट, तो गेला की ओपन त्याची. सँडर्स चेंडूवर उभा राहिला. तेवढ्यात लाइनवर काहीतरी पडल्यासारखं वाटलं म्हणून तो वाकला, हात पुढे केला, आणि पाय न हलवता पुन्हा सरळ होऊन पट मारला. चेंडू उजवीकडून गेला. दुसऱ्या दिवशीच्या प्ले-ऑफमध्ये जॅक निकलसने त्याला एका फटक्याने हरवलं. वाकणं ही चूक नव्हती. मनात शंका आली होती, तर तिच्याबरोबर मागे जायला हवं होतं. चेंडूमागून सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं.

2019 च्या नियमांनी हीच सीमा एका अर्थाने लिहून ठेवली. खेळाडू स्टान्स घेऊ लागला की कॅडीने मुद्दाम लाइनच्या मागे उभं राहायचं नाही. तोवर सल्ला द्या, बोटाने जागा दाखवा. पुढचं ज्याचं त्याने एकट्याने करायचं. फटक्याला 40 सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नये अशी शिफारसही त्याच नियमांत आहे. ही शिफारस मला जाचक वाटत नाही, कारण वाचन आधीच झालेलं असेल तर चेंडूवर फारसा वेळ लागतच नाही. होलकडे एकदा नजर टाकावी, ती चेंडूवर आणावी, आणि मारावं. कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की चांगले पटर्स शेवटी दोनेक सेकंद चेंडूवर एकाच ठिकाणी बघत राहतात आणि फटका बसल्यावरही क्षणभर तिथेच. कच्च्या खेळाडूची नजर होल, पटर, चेंडू अशी भिरभिरते. ती भिरभिर म्हणजे मागे न सोडलेली शंकाच.

सरावालाही हे लागू आहे. एकाच जागेवरून पाठोपाठ चेंडू ढकलत राहिलं तर हात सैल होतात, रूटीन तयार होत नाही, कारण दुसऱ्या पटपासून वाचायला काही उरत नाही. एकच चेंडू घ्यावा, दर वेळी जागा बदलावी, मागे जावं, पायांनी बघावं, वेग ठरवावा, मग लाइन, मग पट. आणि चुकला तर लगेच तोंड फिरवू नये. होल ओलांडून चेंडू ज्या बाजूला वळत थांबतो, तीच परतीच्या पटची लाइन असते. ती त्याच वेळी बघून घेतली की पुढचं वाचन निम्मं झालेलं असतं.