मोरसची सापसुरळी

माझी आजी साखरेला ‘मोरस’ म्हणायची. मोरस म्हणजे मॉरिशस आणि तिथून येणारी ती मोरस साखर, हे मला बी.ए.ला असताना कळलं. आजीचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिच्या आजोबांचा एक भाऊ करारावर मोरसला ऊस तोडायला गेला, तो गेलाच. घरात एवढंच ठाऊक.

2019 साली आमचं भजनी मंडळ मॉरिशसला निघालं, तेव्हा मी जीपीएफमधून पैसे काढले आणि सोबत गेलो. तिथल्या मराठी घरांत क्रिओल बोलतात, पण चतुर्थीला झाकरी नाचतात. गणेश चतुर्थीची तिथे चक्क सार्वजनिक सुट्टी! आमचे यजमान निवृत्त मास्तर. त्यांनी मला दक्षिणेला ग्री-ग्रीच्या खडकांवर नेलं आणि मोडक्या मराठीत म्हणाले, “इथे एक सापसुरळी असायची.”

तिचं नाव बूतोंची सापसुरळी. देजार्दां या निसर्ग-अभ्यासकाने 1831 साली तिचं वर्णन केलं. धड करंगळीएवढं, अंग काळसर. ओहोटी लागली की ओल्या खडकांवर उतरून किडे आणि बारीक कवचधारी जीव टिपायचे, लाट आली की फटीत. तिला पापणी मिटता येत नाही. खालची पापणी पारदर्शक होऊन डोळ्यावर चष्म्यासारखी कायमची बसलेली असते. शास्त्रीय नावातच ‘लपलेली पापणी’ आहे.

तिचे भाऊबंद ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, पॅसिफिकची बेटं, मादागास्कर, पूर्व आफ्रिका असे सगळीकडे. आपल्या किनाऱ्यावर मात्र नाहीत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार हिंदी महासागराच्या पश्चिमेकडच्या या सापसुरळ्या ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाच्या बाजूने समुद्रावर तरंगत आल्या. म्हणजे यांनाही कुणी परतीचं तिकीट दिलं नव्हतं!

तासभर बघत बसलो. एकही दिसली नाही. आता ती मुख्यतः किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवर उरली आहे, असं मास्तर म्हणाले.

मग त्यांनी फ्लॅट आयलंडची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात बोटीत रोगराई झाली की आपल्याकडच्या मजुरांना त्या बेटावर अडकवून ठेवत. त्याच बेटावर नारिंगी शेपटीची आणखी एक सापसुरळी होती. 2010 मध्ये तिथे चिचुंद्री पोचली आणि थोड्याच काळात ती सापसुरळी बेटावरून संपली. थोड्या आधीच दुसरीकडे हलवल्या होत्या, म्हणून जात वाचली.

ती चिचुंद्री कुठली? आपलीच. आपल्या भागातून जहाजांच्या मालाबरोबर मॉरिशसला पोचलेली. आजीच्या आजोबांचा भाऊ ज्या बोटीने गेला, तिच्या तळाशीही एखादी असेल. सांगता येत नाही.

मी परतलो. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2020 मध्ये, ‘वाकाशिओ’ जहाजातून सुमारे हजार टन तेल मॉरिशसच्या समुद्रात सांडलं. लॉकडाउनमध्ये घरी बसून बातम्या वाचत होतो. बेटांवरच्या काही सापसुरळ्या विमानाने जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात नेल्या, त्यांत बूतोंचीही होती. पुन्हा समुद्रापार! या वेळी कुणीतरी मोजून, नोंद करून नेल्या, हे वाचून माझ्यातल्या कारकुनाला बरं वाटलं.

आमच्या त्या माणसाची नोंदही तिथल्या दप्तरात कुठेतरी असेल. मास्तरांना नाव विचारून ठेवायला सांगितलं असतं, पण नावच आम्हाला ठाऊक नाही. घरात त्याला नुसतं ‘मोरसवाला’ म्हणत.

आमच्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये संध्याकाळी चिचुंद्री फिरते. तिला हाकलायला मी अजून उठत नाही. तिचं घर हेच आहे. तिकडे मात्र ती जायला नको होती.