बर्लिनमध्ये फुकट काय मिळतं?

युरोपला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाचा अल्बम उघडा. आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ, व्हेनिसची होडी आणि पिसाचा मनोरा तळहाताने सावरून धरणारे काका. बारा दिवसांत सात देश, सोबत ठेपले आणि लोणचं. या अल्बममध्ये बर्लिन बहुतेक वेळा नसतंच. असलंच तर ब्रँडनबुर्ग गेटसमोर एक ग्रुप फोटो आणि 'चला, बसमध्ये बसा!' त्यामुळे मी २०२४च्या मे महिन्यात एकटीच, पाच दिवस, फक्त बर्लिनला चाललेय असं जाहीर केल्यावर बाबांचा पहिला प्रश्न होता, ''पण तिथे बघायला आहे काय?''

खरं उत्तर असं होतं की, तिथे बघायला पैसे पडत नाहीत. पण ते घरात सांगण्यासारखं नव्हतं.

फ्रीलान्सरचं फॉरेन ट्रॅव्हल ही काय चीज आहे, हे पगारदार मित्रमैत्रिणींना कळणं कठीण. तुमच्याकडे सॅलरी स्लिप असते, एचआरचं 'नो ऑब्जेक्शन' असतं. माझ्याकडे होतं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जे दिसायला ईसीजीसारखं होतं. एका महिन्यात उंच उडी, पुढचे दोन महिने सपाट! व्हिसाच्या काउंटरवरच्या बाईंनी ते दोनदा वर-खाली पाहिलं आणि माझ्याकडे एकदा. दीड वर्ष ब्रोशर्स आणि जाहिरातींच्या कॉप्या लिहून साठवलेले पैसे होते ते. व्हिसा आला नसता तर फी बुडीत खाती. आला, आणि मी आठ जणींच्या डॉर्ममध्ये वरचा बेड बुक करून टाकला. बेड सोडून रोजचं बजेट ३५ युरो. तेव्हा युरो ९० रुपयांच्या आसपास होता. पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्टीला ९०ने गुणत होते. एक फुकटचा सल्ला देते, दुसऱ्या दिवसापासून गुणाकार बंद करा, नाहीतर पाणीही घशाखाली उतरत नाही. पाणी मात्र नळाचंच प्या. उत्तम असतं.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, ९ मेला, अख्खं शहर बंद! ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. सुट्टीच्या दिवशी आणि रविवारी इथली दुकानं खरोखरच बंद असतात. आपल्यासारखं अर्धं शटर वर करून 'काय पाहिजे?' वगैरे नाही. मोठ्या स्टेशनांमधली काही सुपरमार्केट्स तेवढी उघडी. तिथल्या लायनीत उभं राहून ब्रेड, चीज आणि केळी घेतली. दोन दिवसांच्या जेवणाचा प्रश्न मिटला.

मग बस नंबर १००. टूरिस्ट बसचे भरमसाट पैसे भरण्यापेक्षा साधं तिकीट काढा (२०२४मध्ये ते साडेतीन युरोचं होतं) आणि झू स्टेशनपासून आलेक्झांडरप्लाट्झपर्यंत डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. विजयस्तंभ, संसद, उंटर डेन लिंडेनचा मोठा रस्ता, कॅथीड्रल, सगळं समोरून जातं. एक लक्षात ठेवा, मेट्रोला इथे गेटच नाहीत. कुणी अडवत नाही. साध्या कपड्यातला तपासनीस अचानक उभा राहतो आणि पंच केलेलं तिकीट नसेल तर ६० युरो दंड. दादरला टीसी दिसल्यावर पोटात जो गोळा येतो, तो तिकीट खिशात असतानाही आला! संस्कार, दुसरं काय.

आता मुद्द्यावर येते. संसदेचा काचेचा घुमट फुकट, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. गोल गोल वर चढत जायचं आणि खाली बघितलं तर थेट सभागृह. लोक वर आणि खासदार खाली, आयडिया आवडली आपल्याला. पण घुमट झाल्यावर माझ्या वहीतल्या 'फ्री' या कॉलममध्ये जे उरलं होतं, ते असं : होलोकॉस्टचं स्मारक. गेस्टापोच्या मुख्यालयाच्या जागेवरचं 'टोपोग्राफी ऑफ टेरर'. बर्नाउअर श्ट्रासवरचं भिंतीचं स्मारक. आणि 'अश्रूंचा महाल', म्हणजे पूर्व जर्मनीतून पश्चिमेला परत जाणाऱ्यांना निरोप देण्याची जागा. पैसे कुठे पडतात? तर चित्रं, पुतळे, सोनं, राण्या बघायला. महिन्याच्या पहिल्या रविवारी अनेक म्युझियम्स फुकट असायची, पण मी पोचले दुसऱ्या आठवड्यात. (ती सोय २०२४च्या अखेरीस बंदही झाली.) थोडक्यात काय, या शहरात सौंदर्याला तिकीट आहे आणि लाज फुकट. पस्तीस युरोवाला टूरिस्ट आपोआप लाजेकडे ढकलला जातो.

होलोकॉस्ट स्मारक म्हणजे काँक्रीटचे २,७११ ठोकळे. कडेचे गुडघ्याएवढे. आत शिरत गेलं की जमीन खाली उतरते आणि ठोकळे डोक्यावर जातात. बाहेरून बघताना कळत नाही, आत मात्र आवाज एकदम कमी होतो. 'टोपोग्राफी'मध्ये वेगळाच धक्का बसला. मला वाटलं होतं, भयानक काहीतरी असेल. आहे ते ऑफिस. पत्रं, हुकूम, याद्या, सह्या, शिक्के. टेबलामागे बसलेले, भांग पाडलेले, तुमच्याआमच्या वयाचे लोक. मी एचआरच्या मेल्सवर जोक करणारी मुलगी. तिथून बाहेर आल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही.

बर्नाउअर श्ट्रासवर १९६१ साली अशी गंमत होती (गंमत हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सापडत नाही) की घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि घरासमोरचा फुटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये. ऑगस्टमध्ये सीमा बंद झाली, दारं बंद केली गेली, तेव्हा लोक खिडक्यांतून उड्या मारायला लागले. इडा सीकमान नावाच्या बाईंनी २२ ऑगस्टला आधी गाद्या-उशा खाली टाकल्या आणि मग स्वतः उडी मारली. त्या वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस होता. सीमेवर गेलेल्यांपैकी त्या पहिल्या. १९८९पर्यंत भिंतीने किमान १४० जीव घेतले. आता तिथे हिरवळ आहे. लोक कॉफीचा कप घेऊन बसतात, मुलं सायकली शिकतात. मीही बसले, ब्रेड-चीज खाल्लं. तेवढ्यात बाबांचा फोन.

''काय बघितलंस आज?''

सांगितलं.

''अगं, तू तिकडे जाऊन स्मशानंच बघत फिरतेयस का? एखादा छानसा फोटो पाठव की. आईला दाखवतो.''

छानसा फोटो! अख्ख्या दिवसात एक नव्हता.

पुढचा दिवस मी मुद्दाम राखून ठेवला होता. यू-३ या मेट्रोने दक्षिणेला गेलं की डालेम नावाचं उपनगर लागतं. कुठल्याच ग्रुप टूरमध्ये ते नाही. झाडी, बंगले, शांतता, म्हणजे आपल्या प्रभात रोडची जर्मन बहीण. डालेम-डॉर्फ स्टेशन तर कहर गोड आहे. मेट्रोचं स्टेशन आणि त्यावर चक्क शाकारलेलं, गवताचं छप्पर! तिथून दहाएक मिनिटं चालत इने श्ट्रास, घर नंबर २२. विद्यापीठाची इमारत, बाहेर विद्यार्थ्यांच्या सायकली. इथे इरावती कर्वे शिकल्या.

'युगान्त' आपण शाळा-कॉलेजात वाचतो, निदान गाईडमधून तरी. पण नोव्हेंबर १९२८मध्ये बर्लिनच्या विद्यापीठात नाव घातलेली बावीस वर्षांची इरावती आपल्याला कुणी दाखवत नाही. सासरे महर्षी कर्वे, पण सुनेने इतक्या लांब जावं हे त्यांनाही पटलेलं नव्हतं. स्वतः जर्मनीत शिकून आलेले नवरोजी दिनकर मात्र ठाम होते. पैसे उसने मिळाले डॉ. जीवराज मेहतांकडून. उसन्या पैशावर बर्लिन! त्यांनी गुणाकार कितीने केला असेल, असा प्रश्न मला त्या दारात पडला.

इमारत तेव्हा कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटची होती. विषय मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि 'सुप्रजनन'. प्रमुख ऑयगेन फिशर. त्याचा कयास असा की, गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते, आणि हा फरक म्हणजे त्याच्या वरचढ बुद्धीची खूण. इरावतीबाईंना काम दिलं ते हेच तपासायचं. समोर कवट्या, त्यातल्या कितीतरी जर्मनीच्या वसाहतींमधून उचलून आणलेल्या. हातात मोजमापाची उपकरणं. त्यांनी मोजल्या. निष्कर्ष लिहिला की उजव्या-डाव्यातला फरक सगळ्याच माणसांत सापडतो, वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही. गाईडच्या लाडक्या थिअरीला, गाईडच्याच इन्स्टिट्यूटमध्ये, परक्या भाषेत 'नाही' म्हटलं. १९३०मध्ये डॉक्टरेट घेतली आणि घरी परतल्या.

आपल्यापैकी किती जण बॉसच्या पीपीटीतला एक आकडा चुकीचा आहे हे मीटिंगमध्ये सांगतात? मी तर क्लायंटने 'मेक इट पॉप' म्हटलं तरी मान डोलावते.

दाराशी जर्मन भाषेत एक पाटी आहे, १९८८ची. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करत वाचली. इथल्या शास्त्रज्ञांनी नाझींच्या वंशविषयक धोरणाला हातभार लावला, असं त्यात सरळ लिहिलंय. पाडापाडी नाही, 'काही दुर्दैवी घटना' नाही. फिशरनंतर इथे व्हेर्शुअर आला, आणि त्याचा जुना सहायक मेंगेले आउशवित्झच्या छळछावणीतून इथे मानवी अवयव पाठवत होता. २०१४मध्ये जवळच खोदकाम करताना हाडांचे तुकडे सापडले. पुढे आणखी हजारो निघाले. कुणाची ते नावानिशी कळणं शक्य नव्हतं. २०२३मध्ये त्यांचं दफन झालं.

मी दारात किती वेळ उभी होते कोण जाणे. एक मुलगी सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाली, काही शोधताय का? मी म्हटलं, आमच्या गावची एक बाई इथे शिकायची. ती हसून ''ओह, नाइस!'' म्हणाली आणि गेली.

त्याच संध्याकाळी बेबेलप्लाट्झला गेले. योगायोगाने तारीख १० मे होती, आणि १९३३च्या १० मेला याच चौकात नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली होती. स्मारक शोधावं लागतं, कारण ते पायाखाली आहे. फरशीत एक काच, काचेखाली पांढरी रिकामी शेल्फं. वीस हजार पुस्तकं मावतील एवढी जागा. समोर रस्ता ओलांडला की इरावतीबाईंचं विद्यापीठ. त्याच १९३३ साली फिशर त्याचा रेक्टर झाला. मे महिन्यात इथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. काचेत आधी आपलाच चेहरा दिसतो, अंधार पडायला लागला की शेल्फं दिसतात.

तिथे उभ्या उभ्या माझ्या मनात एक फालतू खेळ सुरू झाला. आपल्या शहरात असं फुकट काढायचं ठरवलं तर कशाचं काढू? यादी पटापट तयार झाली. पाटीवर काय लिहायचं, यावर मात्र आमच्या सोसायटीतसुद्धा एकमत झालं नसतं.

पोटाचंही सांगते. बर्लिनमध्ये सुदानी लोकांची फलाफलची छोटी दुकानं आहेत. पाव, फलाफल, आणि वर शेंगदाण्याचा सॉस. पहिल्या घासाला डोळे मिटले. परदेशात दाण्याचं कूट भेटावं, यापेक्षा मोठं सुख नाही! चार संध्याकाळी तेच खाल्लं. आणि हो, प्लॅस्टिकच्या बाटल्या फेकू नका. सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घातल्या की प्रत्येकी २५ सेंट परत मिळतात. ज्यांना कंटाळा येतो ते बाटली कचरापेटीच्या शेजारी उभी करून ठेवतात, गोळा करणाऱ्यांसाठी. कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून.

रविवारी वहीत हिशोब मांडला. फलाफलच्या कृपेने २२ युरो शिल्लक. म्हणजे एका तिकिटापुरतं सौंदर्य परवडत होतं. पेर्गामोन म्युझियम ऑक्टोबर २०२३पासून दुरुस्तीसाठी बंद होतं. मग १४ युरो मोजून नॉयस म्युझियममध्ये नेफरटिटीला भेटले. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची राणी, अंधाऱ्या खोलीत काचेच्या पेटीत एकटी. काय मान आहे हो! एका डोळ्यात बुबुळ नाही आणि तरी ती आपल्याकडेच बघते. १९१२मध्ये जर्मन उत्खननात ती सापडली, पुढच्या वर्षी बर्लिनला आली. इजिप्त मागतंय, जर्मनी देत नाही. बाहेर एवढ्या पाट्या लावून स्वतःचे गुन्हे सांगणारं शहर इथे आल्यावर एकदम कंजूष वाटलं मला. तरी मी तासभर हलले नाही, हेही खरं.

आणि त्या खोलीत फोटो काढायला बंदी!

म्हणजे पाच दिवसांत बघितलेली एकमेव 'छानशी' गोष्ट, तीही बाबांना पाठवता येईना. शेवटी डालेमच्या स्टेशनचा फोटो पाठवला, गवताच्या छपराचा. दोन मिनिटांत उत्तर आलं, ''छप्पर छान आहे. दरवर्षी शाकारतात का विचार.''