निदान

'निदान' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ. एक वैद्यकातला, रोगाचे मूळ ओळखण्याचा. माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथाच्या नावात आहे तो. दुसरा रोजच्या बोलण्यातला : निदान एवढे तरी. हे दोन अर्थ शेजारी कसे नांदतात, हे आम्हां दोघांना आमच्या बारा वर्षांच्या मांजरीमुळे कळले.

तिच्या खांद्यांच्या मधोमध गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, खाणेपिणेही नेहमीसारखेच. धाराशिव हा शेळ्यांचा मुलूख. उस्मानाबादी शेळी देशभर ठाऊक आहे. दवाखान्यातल्या शेळ्या-म्हशींच्या गर्दीत मांजर घेऊन बसलेल्या आम्हांला एक आजोबा म्हणाले, "सर, म्हातारं मांजर ते. कशाला त्याच्या जिवाला तरास देता?" प्रश्न गैर नव्हता.

डॉक्टरांनी समजावले, की न दुखणारी गाठ निरुपद्रवी असतेच असे नाही. मृदू ऊतींचा कर्करोग, म्हणजे सार्कोमा, मांजरांत बहुधा असाच मुकाट वाढतो. लस टोचलेल्या जागी तो क्वचित उद्भवतो, याकडे १९९१ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी लक्ष वेधले. म्हणून रेबीजची लस टाळायची नसते. गाठीवर लक्ष ठेवायचे असते. टोचल्यानंतर ३ महिने टिकलेली, २ सेंटिमीटरहून मोठी झालेली किंवा १ महिन्यानंतरही वाढणारी गाठ तपासावी, असा पशुवैद्यांचा साधा नियम आहे. सुईने काढलेल्या पेशींवरून पुष्कळदा उलगडा होत नाही. छोटा तुकडाच घ्यावा लागतो. त्याआधी घाईने गाठ कापायची नाही, कारण तिची मुळे दिसतात त्याहून दूर पसरलेली असतात आणि अर्धवट कापलेली गाठ पुन्हा उगवते.

अहवाल आला : सार्कोमा. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसे स्वच्छ दिसली. पण मूत्रपिंडे थकलेली होती. खोलवर करावी लागणारी शस्त्रक्रिया आम्ही नाकारली.

मग निदान कशासाठी केले? आजोबांचा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला. नाव कळले नसते, तर तिचा प्रत्येक वाईट दिवस आम्ही म्हातारपणाच्या खात्यावर मांडला असता. नाव कळल्यामुळे काय पाहायचे ते कळले : गाठीवरची कातडी, ताटलीतले उरलेले अन्न, खिडकीपर्यंतची उडी. वेदनेवरचे औषध वेळेवर सुरू झाले. पाच महिन्यांनी तिला उंबराही ओलांडवेना. तेव्हा पुढे काय करायचे, यावर आमच्या घरात वाद झाला नाही.